कोल्हिणीचं फिनिशिंग

घरातली थोरली सून आधीच रागीट, त्यात तिच्या हातात कॅमेरा. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला, असं तिचा धाकटा दीर म्हणायचा. अर्थात ती खोलीबाहेर गेल्यावर.

ती रानातल्या प्राण्यांचे फोटो काढायची, आणि तेही त्यांचा अवतार बघण्यासारखा नसताना. पावसात भिजून निम्मं झालेलं घुबड. शिंगांवरची कातडी फाटून डोळ्यांवर लोंबणारं हरीण. मारामारीत सपाटून हरलेला, सुजलं नाक घेऊन झुडपात बसलेला रानबोका. प्रदर्शनात लोक तिच्या फोटोंसमोर उभे राहून हळहळायचे. "आजारी आहे का हो हे?" असं विचारायचे. "तुम्ही डोक्यावरून पाणी घेऊन न्हाणीघरातून बाहेर येता तेव्हा आजारी असता का?" असं ती उलट विचारायची आणि संभाषण तिथेच आटपायचं.

तिचं म्हणणं अगदी साधं होतं. सकाळच्या सोनेरी उन्हात मान वळवून बघणारं जनावर सगळेच टिपतात. असे दिवस जनावराच्या आयुष्यात येऊन येऊन येतात किती? बाकीचे दिवस ते चिखलात, काट्यात, पिल्लांच्या रगाड्यात काढतं. ते दिवस काय त्याचे नव्हेत? आणि माणसांनी फक्त नटलेलंच जनावर बघितलं, तर खरं जनावर दारात आल्यावर ती त्याला ओळखणार कशी? हे ती जेवताना इतक्यांदा बोलली होती की घरातली माणसं मान डोलावून वाटी पुढे करायची.

घर म्हणजे खाली छापखाना आणि वर दोन बिऱ्हाडं. थोरलीचा नवरा जहाजावर इंजिनियर, वर्षातला बराच काळ पाण्यावर. खालचा छापखाना दिराचा आणि त्याच्या बायकोचा, दोघांच्या नावावर. ऑर्डरी आणायच्या त्याने आणि त्या वेळेवर पोचवायच्या धाकटीने, अशी वाटणी होती. दीर माणूस वाईट नव्हता, पण त्याला चुरगळलेलं काही बघवत नसे. शर्टाला कडक इस्त्री, मिशीला कलप, दुकानातल्या फायली उंचीप्रमाणे लावलेल्या. छापखान्याची शान म्हणजे तिथून दर वर्षी निघणारं प्राण्यांचं कॅलेंडर. नाव होतं 'जसं आहे तसं'. अकरा महिने दुसऱ्यांच्या देखण्या प्राण्यांचे आणि एक महिना वहिनीचा, हा घरातला तह होता.

गेल्या वर्षी तिने त्याला कोल्हिणीचा फोटो दिला. गावाबाहेरच्या पंपघरामागे बीळ होतं, तिथली कोल्हीण. डाव्या कानाला खाच, म्हणून कुठेही ओळखू यावी अशी. जूनमधली. थंडीतले केस झडून पडत होते, एक कूस जवळजवळ उघडी, शेपटी बाटली धुण्याच्या झिजलेल्या ब्रशासारखी. पोटाखाली आचळं ओघळलेली आणि त्यांना लोंबकळणारी तीन पिल्लं. तिच्या डोळ्यांत मात्र अशी करडी नजर की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. "भाऊजी, हा लावायचा," थोरली म्हणाली होती. "लावू की," तो म्हणाला होता. इतक्या लवकर तो कधीच हो म्हणत नसे. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

पण छापून आलेला आपला फोटो थोरली कधी बघायचीच नाही. छापला की रंग मरतो, मग आठवडाभर डोकं फिरतं, म्हणून तिने तो नियमच करून टाकला होता. नव्या कॅलेंडरची गुंडाळी कपाटावर पडायची ती पडायचीच. सगळ्या गावाच्या भिंतींवर तिची कोल्हीण लटकत होती, आणि तिच्या घरात कॅलेंडरच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

यंदाच्या जूनमध्ये एका सकाळी पंपघराच्या रखवालदाराचा फोन आला. "ताई, तुमची कोल्हीण धरून नेली. वसाहतीतल्या लोकांनी तक्रार केली होती. पिंजऱ्याची गाडी आली होती. पिल्लं बिळात ओरडताहेत."

थोरली कॅमेऱ्याची पिशवी उचलून पायात होत्या त्या चपलांनिशी निघाली.

पालिकेच्या प्राणी केंद्रात फिनेलचा वास भरला होता. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात कोल्हीण पाठ भिंतीला लावून उभी होती, बसायला तयार नव्हती. तशीच झडलेली, तशीच बोडकी कूस. आचळं दुधाने तटतटली होती. केंद्राचे अधिकारी, प्राण्यांची डॉक्टरीण आणि नव्या वसाहतीचे अध्यक्ष टेबलाभोवती बसले होते. अध्यक्ष निवृत्त गृहस्थ, आवाज मात्र अजून नोकरीत असल्यासारखा.

"लूत आहे," अध्यक्ष म्हणाले. "लहान मुलं खेळतात तिथे. उद्या कुणाला काही झालं तर?"

"लूत नाही, केस झडताहेत. उन्हाळा आहे. वर पिल्लं पाजतेय," थोरली म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही तरी सांगा."

डॉक्टरीण तरुण होती आणि दमलेली दिसत होती. "सकाळी बघितलं तेव्हा मीही हेच म्हटलं. खपल्या नाहीत, फारसं खाजवत नाही. पण लूत सुरुवातीला अशीही दिसते. बाहेरून तपासून आणायचं तर दिवस जातील, आणि तोवर संशयित जनावर वेगळं ठेवायला आमच्याकडे खोली नाही."

"मग सोडा."

"सोडणारच होते हो. पण अध्यक्षांनी हे आणलं." तिने टेबलावरचं कॅलेंडर थोरलीकडे सरकवलं. "केस ऋतूप्रमाणे झडत असतील, तर दर वर्षी झडतील. ही कोल्हीण तीच, कान बघा. गेल्या जूनमध्ये हिच्या अंगावर एवढे केस होते. मग यंदाचं झडणं ऋतूचं नाही, आजाराचं आहे."

थोरलीने कॅलेंडर उचललं. जूनचं पान. मागे पंपघर, वर तिने टिपलेला उजेड, खाली तिचं नाव. आणि मधोमध एक गुबगुबीत, झुपकेदार शेपटीची, लग्नाला निघाल्यासारखी कोल्हीण. कूस भरलेली. पोट सपाट. आचळं पुसून टाकलेली, त्यामुळे तीन पिल्लं तिच्या पोटाखाली उगाच तोंड वर करून बसलेली. कानाची खाच तेवढी ठेवली होती. शोभेला ठेवली असावी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा रंग कुठला ते तिने क्षणात ओळखलं. गेल्या वर्षी जानेवारीत त्याच कोल्हिणीचा तिने काढलेला फोटो छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर होता. त्यातली कातडी सोलून इथे चढवली होती.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"खाली नाव तुमचं आहे," अधिकारी म्हणाले.

तिने पिशवीतून लॅपटॉप काढला, मूळ फोटो उघडून समोर धरला. अध्यक्षांनी चष्मा वर केला, खाली केला. "आता दोनांतला खरा कुठला, हे आम्ही कसं ठरवायचं? बाई, राग मानू नका, पण तुमची ख्यातीच आहे. चांगल्या जनावराला भिकाऱ्यासारखं दाखवायचं. तुमचं प्रदर्शन बघून माझी नात रडली होती."

"बरं झालं रडली. निदान तिने बघितलं तरी!"

अधिकाऱ्यांनी हात वर केला. त्यांना भांडण नको होतं, त्यांना कागद पुरा करायचा होता. "कॅलेंडर छापणाऱ्याने येऊन सांगितलं की फोटोत बदल केलाय, तर मी सोडायचा आदेश देतो. नाहीतर आज केंद्र बंद व्हायच्या आत डॉक्टरांना इंजेक्शन द्यावं लागेल."

डॉक्टरीण खाली बघत होती.

थोरली छापखान्यात शिरली ती कॅलेंडर उगारूनच. दीर काउंटरवर पावतीपुस्तकं एकावर एक सरळ लावत होता. मागे कागदांच्या गठ्ठ्यांआड, स्टुलावर, धाकटी बाळाला पाजत बसली होती. बाळ फेब्रुवारीतलं. धाकटी म्हणजे घरातली गरीब गाय. तिच्या तोंडून 'नाही' ऐकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"भाऊजी, हे काय आहे?"

त्याने बघितलं आणि त्याची मिशी किंचित खाली आली. "वहिनी, लोक हे स्वयंपाकघरात लावतात. जेवताना समोर बोडकं जनावर कोण बघेल? जरा फिनिशिंग केलं, इतकंच."

"आचळं पुसलीस तू तिची! पिल्लं काय हवा पीत होती?" रागाच्या भरात ती अरे-तुरेवर आली, आणि मग तिथेच राहिली. "तुझ्या फिनिशिंगपायी आज तिला मारताहेत. चल माझ्याबरोबर, आणि एवढं एक वाक्य सांग, की फोटोत मी बदल केला."

सगळं ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. त्याला वाईट वाटलं हे दिसत होतं. पण काउंटरवर पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या नमुन्यांचा गठ्ठा होता, आणि त्यावर ठळक अक्षरात 'जसं आहे तसं'.

"कसं सांगू? वसाहतीची सगळी ऑर्डर अध्यक्षांच्या हातात. त्यांच्यासमोर सांगू की जूनचं पान खोटं? मग लोक म्हणतील, बाकीची अकराही खोटीच."

"आहेत का?"

"मार्चचं हरीण जरासं," तो पुटपुटला.

"घ्या!"

"पण वाईट हेतूने नाही केलं मी, वहिनी. देवाशपथ नाही. ती बघवत नव्हती. मी तिची लाज झाकली, असं समजा."

"लाज? तिला कसली लाज? तीन पिल्लं पोसून उभी आहे ती! लाज तुला वाटली, आणि झाकलीस ती तुझी. त्यापायी जीव मात्र तिचा जाणार." थोरलीचा आवाज फाटला. तिला रडू येत होतं आणि त्याचाही तिला राग येत होता.

पावतीपुस्तकं सरळच होती, ती त्याने पुन्हा सरळ केली.

"माझीही झाकलीत ना?"

दोघांनी वळून बघितलं. धाकटीने बाळाला खांद्यावर घेतलं होतं. दुसऱ्या हाताने ती काउंटरच्या काचेखालचं कार्ड ओढून काढत होती. बाळ झाल्याचं कार्ड, सगळ्या नातेवाइकांना धाडलेलं.

"अगं, तुझा काय संबंध इथे?" दीर म्हणाला.

तिने कार्ड थोरलीपुढे धरलं. थोरलीने तेही कधी बघितलं नव्हतं, कारण फोटो तिनेच काढलेला होता. दवाखान्याच्या खिडकीत, बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. धाकटीचे डोळे सुजलेले, केस कपाळाला चिकटलेले, आणि ती इतकी तोंडभर हसत होती की हिरड्या दिसत होत्या. त्या वर्षात काढलेला तो आपला सगळ्यात चांगला फोटो आहे, असं थोरलीला वाटलं होतं. कार्डावर तो नव्हता. कार्डावर एक विंचरलेली, गोरटेली बाई तोंड मिटून बसली होती. चेहरा लग्नातल्या फोटोतला होता.

"हिरड्या दिसत होत्या," दीर म्हणाला. "लोक हसले असते, माझे मामा तर नक्कीच. तुझ्यासाठीच केलं."

"मला विचारलं होतंत?" धाकटी ओरडली नाही. तिला ओरडता येत नव्हतं, त्यामुळे ते जास्त लागत होतं. "कार्ड हातात आलं तेव्हा मला वाटलं, चूक माझीच. जरा नीट बसायला हवं होतं. आता केस गळताहेत, फणीत मावत नाहीत, तर मी आरशातच बघत नाही. पाहुणे येतात तेव्हा आत जाते. कार्डावरची बाई कुठाय असं कुणी विचारलं तर काय सांगू, म्हणून. इतके दिवस मला हे कळलंच नाही, की लाज माझी नव्हती." तिने बाळाला दुपट्यात गुंडाळलं. "चला ताई. छापखाना माझ्याही नावावर आहे. छापणाराच हवाय ना त्यांना?"

"अगं, अशा अवतारात कुठे निघालीस?" दीर म्हणाला.

याला उत्तर द्यायला दोघीही थांबल्या नाहीत.

केंद्रात इंजेक्शनचा ट्रे मांडून ठेवला होता. धाकटी सरळ टेबलापाशी गेली, जूनच्या पानावर तिने कार्ड ठेवलं आणि अधिकाऱ्यांना म्हणाली, "छापखाना आमचा. कोल्हिणीचा फोटो आमच्याकडे बदलला. जानेवारीचं अंग जूनवर लावलंय."

"बाई, तुम्ही यांच्या जाऊबाई," अध्यक्ष म्हणाले. "घरच्या माणसाची साक्ष ती काय साक्ष?"

"मग माझी नका धरू. हे कार्ड बघा. त्याच छापखान्यातलं, त्याच हातचं. ही मी आहे." ती जरा थांबली. "आता माझ्याकडे बघा."

त्यांनी कार्डाकडे बघितलं आणि मग तिच्याकडे. गाल ओढलेले, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर बाळाने ओकलेल्या दुधाचा डाग. तिने कपाळावरून बोटं फिरवली. बोटांत केसांचा पुंजका आला, तो तिने कार्डावर ठेवला.

"मलाही लूत झाली का, साहेब?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बघायचं नसलं की ते पुसत असावेत. डॉक्टरीण उठली आणि ट्रे उचलून आत ठेवून आली.

तेवढ्यात दारात दीर उभा राहिला. धावत आल्याने शर्ट विजारीतून बाहेर आला होता, घामाने मिशीचा कलप ओठांवर उतरला होता.

"या," अधिकारी म्हणाले. "हा फोटो तुम्ही बदललात?"

दिराने अध्यक्षांकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं. मग टेबलावरच्या कार्डाकडे आणि त्यावरच्या केसांकडे त्याची नजर गेली, आणि तिथून हलेना.

"थोडं फिनिशिंग," तो म्हणाला.

"केस चिकटवलेत?"

"चिकटवले नाहीत. केस तिचेच. जानेवारीतले होते, ते मी... जूनमध्ये आणले."

"आणि आचळं?"

"ती काढली," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला.

अधिकाऱ्यांनी आदेशावर सही केली.

संध्याकाळच्या उन्हात गाडी पंपघरामागे थांबली. वसाहतीतली माणसं जमली होती. सकाळी जिला मारा म्हणत होती, तिला सोडताना बघायला तीच माणसं मोबाईल उंचावून उभी होती. अध्यक्ष सगळ्यांत पुढे. पिंजऱ्याचं दार वर गेलं. कोल्हीण बाहेर आली, सगळ्यांच्या देखत बसून गवतात मुतली, आणि मागे वळून न बघता सुसाट निघाली. बोडकी कूस, लोंबती आचळं, ब्रशासारखी शेपटी. बिळातून तीन तोंडं बाहेर आली आणि धुळीत सगळी एकच गठ्ठा झाली.

"छे," अध्यक्ष मोबाईल बघत म्हणाले. "काही चांगला आला नाही हो. वळली तरी असती जरा."

थोरली त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "चांगल्या फोटोपायी आज ती मरत होती," ती म्हणाली. "तुमच्याकडे आहे तोच ठेवा, आणि नातीला दाखवा. रडली तर रडू द्या."

दीर बाजूला उभा होता. बाळ आता त्याच्याकडे होतं आणि त्याच्या उरल्यासुरल्या इस्त्रीची वासलात लावत होतं. धाकटी बिळाकडे बघत होती.

"माझा तो खिडकीतला फोटो," मग ती म्हणाली, "कॉम्प्युटरवर आहे ना अजून? हिरड्यांचा?"

"आहे," दीर म्हणाला. "अगं, मी तो पुसणार नव्हतोच..."

"पुसू नका. छापा. कार्ड ज्यांना ज्यांना गेलं, त्या सगळ्यांना तो धाडायचा."

"सगळ्यांना?" दीर म्हणाला. "मामांनासुद्धा?"

"मामांना आधी."